पडीक कोणाच्या हिशेबी?

बारामती-इंदापूरच्या माळाला आपण सहज पडीक म्हणतो. पीक नाही, पाणी नाही; मग सौर पॅनेलला ह्याहून चांगली जागा कोणती? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. सरकारी व गायरान जमिनीवर वीज तयार करून शेतीला ती दिवसा द्यायची, असा तिचा हेतू आहे. रात्री-अपरात्री मोटर चालू करायला विहिरीवर गेलेल्यांना त्याचे मोल सांगायला नको. कोळसाही कमी जळेल.

पण धनगर मेंढपाळाला हा माळ वेगळा दिसतो. पाऊस झाला की इथे पवन्या, मारवेल, कुसळी उगवते. कुसळे धरण्याआधी कळप कुठून हलवायचा, पाणी कोणत्या ओढ्याला टिकते, हे त्याला बापाच्या मागे चालता चालता कळलेले असते. कडबनवाडी, शिर्सुफळ इथल्या गवतावर चिंकारा आणि लांडगा अजून आहेत. (लांडगा मेंढरू नेतो, तरी मेंढपाळ माळ सोडत नाही!) इतके सगळे जिथे जगते, ते पडीक कसे?

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या पत्रात म्हटले आहे, की मूळ समाजांच्या जमिनीवर मोठे प्रकल्प आणताना मुख्य बोलणी त्यांच्याशीच व्हावीत. ऑस्ट्रेलियात तर स्वच्छ ऊर्जेत तिथल्या आदिवासींचा वाटा आणि शब्द असावा म्हणून २०२४ मध्ये राष्ट्रीय धोरण झाले. आपला २००६ चा वनहक्क कायदा भटक्या पशुपालकांचा चराईचा हक्क मानतो, पण वनजमिनीपुरताच. गायरान त्यात बसत नाही.

ग्रामसभेत विचारले की झाले, असे कोणी म्हणेल. पण दिवाळीनंतर बरेच वाडे कोकणाकडे उतरतात. वाटेत शेतकरी खतासाठी शेतात मेंढ्या बसवून घेतात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत कोणी हरकत घेतली नाही, तर ती संमती म्हणायची का? हरकत घेणारा घाटाखाली होता. चांगल्या कामासाठीही गैरहजर माणसाची जागा त्याला न विचारता देणे आम्हांला न्यायाचे वाटत नाही.

विचारले तर तो नाहीच म्हणेल, असे का धरायचे? गवत न उगवणारा खडकाळ तुकडा तोच दाखवील. परदेशात पॅनेलखाली मेंढ्या चरतातही. वाडे पावसाळ्याच्या तोंडावर परततात. जागा ठरवायला तोवर थांबता येईल का, हे विचारायला आपल्यापैकी अनेकजण ग्रामसभेत हजर असतात.