वाचकाला सगळं माहीत असतं

व्हिन्स फ्लिनच्या मिच रॅप मालिकेवर मत द्यायला बसलं, की पहिली अडचण येते ती ही : मत पुस्तकावर द्यायचं की अमेरिकेवर? माझा मामा म्हणतो, पुस्तकावर. तो जिल्हा न्यायालयात सरकारी वकील होता आणि निवृत्तीनंतर त्यानं ही मालिका ओळीनं वाचून काढली. मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवते. त्याच्या कपाटातली तीच पुस्तकं मागाहून नेते, आणि परत करताना भांडते.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : रॅप हा सीआयएचा गुप्त मारेकरी. सिरॅक्यूज विद्यापीठात लॅक्रॉस खेळणारा साधा पोरगा. २१ डिसेंबर १९८८ ला स्कॉटलंडमधल्या लॉकर्बीवर पॅन अ‍ॅमचं विमान बॉम्बनं फुटलं आणि त्यात त्याची प्रेयसी गेली. विमान खरं, गेलेली २७० माणसं खरी, त्यांतले सिरॅक्यूजचे ३५ विद्यार्थीही खरे. रॅप आणि त्याची प्रेयसी तेवढी रचलेली. १९९९ च्या ‘ट्रान्सफर ऑफ पॉवर’पासून तो अमेरिकेच्या शत्रूंना मारतो आहे. फ्लिन २०१३ साली कर्करोगानं गेला, अवघा ४७ वर्षांचा. रॅपला मात्र मरायची परवानगी नाही. आधी काइल मिल्सनं त्याला चालवलं, आता डॉन बेंटली चालवतो.

मामा : तुला रॅप आवडत नाही, ठाऊक आहे. पण एक तरी पुस्तक अर्ध्यात टाकलंस का?

मी : तीच तर भानगड आहे. ‘मेमोरियल डे’मध्ये वॉशिंग्टनच्या दिशेनं अणुबॉम्ब निघालेला असतो आणि हा अफगाणिस्तानात कैद्यांना समोर बसवून एकाला सरळ गोळी घालतो, म्हणजे बाकीचे बोलतील. ते वाचताना माझ्या मनात आलं, घाल. फाशीच्या शिक्षेला विरोध करणारी मी! मग ‘घाल’ म्हणणारी ती कोण?

मामा : वाचक. सिनेमात मारामारीला शिट्टी मारणारा माणूस बाहेर येऊन सिग्नलला थांबतोच की.

मी : थांबतो का? ‘ट्वेंटीफोर’ ही मालिका आठवते? जॅक बावर दर दोन-चार तासांनी कुणाला तरी छळून माहिती काढायचा. तिच्या पाचव्या पर्वाला फ्लिन सल्लागार होता. वेस्ट पॉइंट या अमेरिकेच्या लष्करी अकादमीचे अधिष्ठाता, ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन, २००६ साली त्या मालिकेच्या निर्मात्यांना जाऊन भेटले. म्हणाले, हे थांबवा. कायदा पाळायचा असतो हे आमच्या कॅडेट्सना पटवणं अवघड होत चाललंय. सिग्नल तुटत होता, मामा.

मामा : पोरं आहेत ती. मी पासष्टी ओलांडलेला माणूस आहे. बाबूराव अर्नाळकरांचा काळापहाड वाचून मोठा झालो, तोही कायदा खिशात घालून फिरायचा. माझ्या हातून काय दरोडे पडले?

मी : तू रॅप का वाचतोस ते सांग मग. खरं सांग.

मामा : खरं सांगू? आराम मिळतो. आयुष्यभर मी ‘वाजवी संशयापलीकडे’ या दोन शब्दांशी झगडलो. आरोपी माझ्यासमोर उभा, त्यानंच केलंय हे मला दिसतंय, आणि पंच फितूर. दुसरा साक्षीदार म्हणतो, अंधार होता. शवविच्छेदनाच्या अहवालात वेळ मोघम. संशयाचा फायदा, निर्दोष मुक्तता. मी फाईल बांधायची आणि दुसरी सोडायची. रॅपच्या जगात अंधार नसतो गं. कुणी केलंय ते माहीत असतं, आणि ज्यानं केलंय तो शेवटाला मरतो.

मी : ‘माहीत असतं’. कुणाला?

मामा : रॅपला.

मी : नाही. तुला. ‘ट्रान्सफर ऑफ पॉवर’ घे. राफिक अझीझ व्हाइट हाउसवर हल्ला करणार हे तुला कसं कळलं? फ्लिननं तुला आधीच अझीझच्या शेजारी नेऊन बसवलं. त्याचे बेत तू ऐकलेस. मग रॅप इराणमधल्या बंदर अब्बासमधून अझीझच्या गोटातल्या फारा हारूतला उचलतो, विमानात एक डॉक्टरबाई औषधं टोचून त्याच्याकडून माहिती काढते, आणि ती शब्दशः खरी निघते, अगदी ऐन वेळेला. तुला धक्का बसतो का? नाही. तू फक्त घड्याळाकडे बघत असतोस. संशय तुझ्या मनात नसतोच, कारण लेखकानं पुराव्याचं काम तुझ्यापुरतं आधीच उरकलेलं असतं. रॅपच्या डोक्यात काय चाललंय हा प्रश्नच येत नाही. त्याच्या हातातलं पिस्तूल तुझ्या खात्रीवर चालतं.

(इथे एक सांगायला हवं. फ्लिनचं गद्य साधं आहे, संवाद बरेचदा बेंगरूळ, आणि रॅपच्या आड येणारे सेनेटर तर पुठ्ठ्याचे. पण प्रकरण कुठे तोडायचं आणि कुणाच्या डोक्यात शिरायचं, हे त्याला फार चांगलं कळतं. साठेक प्रकाशकांनी नाकारल्यावर पहिली कादंबरी स्वतःच्या खर्चानं छापणारा माणूस वाचकाची नस ओळखून असणारच.)

मामा : बरं, मानलं. पण मग कादंबरीनं करायचं काय? पानापानावर ‘कदाचित’ लिहायचं? थरारकथेत खात्री ही सोय आहे. नाटकात एक भिंत नसते, म्हणून आपण आरडाओरडा करतो का?

मी : भिंत नाही हे प्रेक्षकाला दिसत असतं. इथे भिंत गायब आहे हेच कळत नाही. खऱ्या जगात काय होतं ते तू मला सांग. साक्षी पुराव्याचा कायदा तुझा.

मामा : खऱ्या जगात... पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात ग्राह्य नाही. १८७२ च्या कायद्यात कलम २५, आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३. तो जुना कायदा लिहिणारा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन काही मवाळ मनाचा माणूस नव्हता. त्यानं इथल्या एका अधिकाऱ्याचं म्हणणं नोंदवून ठेवलंय : पोलीस मारहाण का करतात? तर उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्याच्या डोळ्यांत तिखट चोळणं सोपं पडतं म्हणून. क्रौर्यापेक्षा आळस.

मी : मग रॅपला आळशी का नाही म्हणत?

मामा : तो उन्हातही हिंडतो की. अर्धी मालिका वाळवंटात आहे.

मी : हसू नकोस. इब्न अल-शेख अल-लिबीची गोष्ट बघ. अल-कायदाचा माणूस म्हणून २००१ च्या अखेरीस पकडला, पुढे इजिप्तच्या ताब्यात दिला. तिथे मार खाऊन तो बोलला, की इराकनं अल-कायदाला रासायनिक नि जैविक अस्त्रांचं शिक्षण दिलंय. ती माहिती ५ फेब्रुवारी २००३ ला कॉलिन पॉवेल यांच्या संयुक्त राष्ट्रांतल्या भाषणात पोचली. दीड महिन्यात इराकवर हल्ला. पुढे लिबीनं सांगितलं, मार थांबावा म्हणून बोललो. सीआयएनं ती माहिती मागे घेतली. युद्ध मागे घेता येतं का? रॅपला लिबी भेटत नाही. त्याला नेहमी हारूतच भेटतो.

मामा : एक उदाहरण.

मी : सीआयएनं कैद्यांच्या केलेल्या छळावर अमेरिकी सेनेटच्या गुप्तवार्ता समितीच्या अहवालाचा सारांश डिसेंबर २०१४ मध्ये आला. अबू झुबैदा या एकट्या कैद्याला ८३ वेळा पाण्यानं गुदमरवलं होतं. समितीचा पहिलाच निष्कर्ष असा, की या पद्धतींनी माहिती मिळवण्याचं काम झालं नाही. सीआयएला तो मान्य नव्हता, हेही सांगते, नाहीतर तू उलटतपासणी घेशील.

मामा : घेतलीच असती.

मी : त्याच्या सहा वर्षं आधी, २००८ साली, फ्लिननं ‘एक्स्ट्रीम मेझर्स’ लिहिलं. रॅप बगरामच्या तळावर वेषांतर करून कैद्यांची चौकशी करतो, सेनेटची सुनावणी लागते, बाईमाणूस सेनेटर त्याला फैलावर घेते, आणि मग वॉशिंग्टनमध्ये स्फोट होतात. म्हणजे उत्तर कुणी दिलं? रॅपनं नाही. लेखकानं बॉम्ब फोडून दिलं. आणि मालिकेत हे आणखी वाढतं. सुट्या कादंबरीत नायक चुकू शकतो, मरू शकतो. मालिकेतला नायक चुकीच्या माणसाला मारून पुढच्या खंडात तोंड कसं दाखवणार? दर पुस्तक त्याच्या खात्यावर जमा होत जातं. सहाव्या पुस्तकात तो म्हणाला ‘हाच’, की आपण मान डोलावतो, कारण पाच वेळा तोच निघाला होता.

इथे मामानं विषय बदलला नाही, पण पुस्तक बदललं. फ्लिनचं पहिलं, ‘टर्म लिमिट्स’. त्यात रॅप नाही. लष्करातले माजी कमांडो एका रात्रीत तीन बड्या राजकारण्यांना ठार करतात. मागणी काय, तर उधळपट्टी थांबवा आणि अंदाजपत्रक ताळ्यावर आणा.

मामा : ते मला नाही आवडलं. निवडून दिलेली माणसं आहेत ती. भ्रष्ट असतील, पण मतदारानं घरी पाठवायचं. असं रात्री जाऊन...

मी : पद्धत तीच, हत्यारं तीच, देशभक्तीही तीच. फक्त मरणारा बदलला.

मामा : मरणारा बदलला की सगळं बदलतं.

मी : म्हणजे तुझा नियम कृत्यावर नाही, बळीवर आहे. वर्गात मी असं उत्तर कापते.

मामा : कोर्टात असंच चालतं, बाळ. मृत कोण होता, याचा शिक्षेवर परिणाम होत नाही म्हणतात, होतो.

मी : मग हैदराबाद घे. ६ डिसेंबर २०१९. एका पशुवैद्यक डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिला मारलं, त्या प्रकरणातले चार आरोपी पहाटे चकमकीत मारले गेले, आणि लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. फुलं टाकणाऱ्यांना वाटत होतं, आपण सगळं बघितलंय. त्यांनी काहीच बघितलं नव्हतं, मामा. त्यांनी बातमी वाचली होती आणि वाचकाची खात्री रस्त्यावर घेऊन आले होते. पुढे सर्वोच्च न्यायालयानं न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांचा आयोग नेमला. त्यानं म्हटलं, पोलिसांची कहाणी विश्वसनीय नाही, मारण्याच्या हेतूनंच गोळ्या झाडल्या. आणि चौघांपैकी तिघं त्या वेळी अल्पवयीन होते.

मामा : तो अहवाल मी वाचलाय. तेव्हा फुलं पडत होती, ती मला ओंगळ वाटली होती. आणि तरी त्या संध्याकाळी मी रॅपच वाचत होतो. यात विसंगती आहे, कबूल. ती मी मिटवणार नाही. कोर्टात जे कधीच मिळणार नाही ते मला कुठेतरी हवंय, आणि ते कागदावर मिळतंय तोवर मी ते रस्त्यावर मागत नाही. तुझ्या वर्गात याला काय म्हणतात?

मी : वर्गात याला काही म्हणत नाहीत. तिथे माणसं नसतात, विधानं असतात.

मामा : मग आता मी विचारतो. तुला या मालिकेत काय आवडतं? काही तरी आवडत असेल.

मी : ‘कन्सेंट टु किल’चा शेवट. गूल्ड आणि क्लॉडिया, पैसे घेऊन रॅपला मारायला आलेलं जोडपं. रॅप वाचतो, त्याची बायको अ‍ॅना मरते. तो त्यांना शोधून काढतो, तर त्यांना तान्ही मुलगी झालेली, आणि क्लॉडियानं तिचं नाव अ‍ॅना ठेवलेलं. तो दोघांना सोडून निघून जातो. अख्ख्या मालिकेत मला तेवढा एकच रॅप माणूस वाटला.

मामा : आणि मला तेवढाच सहन झाला नाही. पुढे मिल्सनं तर कहर केला. त्याच क्लॉडियाला रॅपच्या घरात आणून बसवलं! ती माझ्या डोळ्यांदेखत गुन्हेगार आहे. आता तुझीच काठी तुझ्या पाठीत घालतो. क्लॉडिया आतून चांगली आहे हे तुला कसं कळलं? लेखकानं तिच्या मनात नेऊन दाखवलं म्हणून. माझ्या सूडाला लेखकाची खात्री चालत नाही, मग तुझ्या क्षमेला कशी चालते?

हे मला अपेक्षित नव्हतं. वकील तो वकीलच.

मी : तिच्या मनात नेलं, मान्य. पण पुढे काय होईल ते नाही दाखवलं. ती चांगलीच राहील, गूल्ड धंदा सोडेल, असं त्या पानावर कुणीच सांगत नाही. रॅपला माहीत नाही, मला माहीत नाही. तो न जाणता सोडतो.

मामा : आणि गूल्ड परत आला की नाही? ‘द लास्ट मॅन’मध्ये, पुन्हा पिस्तूल घेऊन. म्हणजे रॅप चुकला. तुझा सिद्धांत गेला, मालिकेतला नायक चुकत नाही म्हणे.

मी : गेला नाही, पक्का झाला. कुठे चुकायची परवानगी आहे ते बघ ना. सोडण्यात. सोडलेला माणूस पुढच्या खंडात परत येऊ शकतो, म्हणून ती चूक दिसते. ज्याला मारलं, तो कुठल्या खंडात येऊन सांगणार, की मी तो नव्हतो?

मामा : हं. जामिनावर सुटून पुन्हा गुन्हा केला, की पेपरात चौकट येते. उलट झालं तर अपील करायला बायको हिंडते, दहा-दहा वर्षं. (थांबून) तरी क्लॉडियाला मी सोडलं नसतं. तान्हं मूल आहे म्हणून जामीन, बस. तोही कडक अटींवर.

मी : आणि त्या जामिनाला विरोध कुणी केला असता?

मामा : कुणी म्हणजे? मीच. सरकारतर्फे.