मागायला काय जातं?

तीन वर्षांपूर्वी कंपनीने माझ्या कामावर अमेरिकेत पेटंटचा अर्ज करायचं ठरवलं. काम छोटं होतं. सर्व्हरवर एकदम गर्दी झाली की विशिष्ट प्रकारच्या विनंत्यांपैकी आधी कोणती घ्यायची, हे ठरवण्याची एक युक्ती. पेटंटचं काम पाहणाऱ्या वकीलबाईंशी दीड तास बोललो. पंधरा दिवसांनी मसुदा आला. त्यातल्या पहिल्या दाव्यात जवळपास कुठलीही रांग बसली असती.

मी फोन करून म्हटलं, "मॅडम, एवढं मी केलेलं नाही."

"मागायला काय जातं? जास्त असेल ते परीक्षक कापेल."

मी सही केली.

त्यानंतर या व्यवसायाबद्दल वाचू लागलो. भारतात पेटंट एजंट व्हायला कायद्याची पदवी लागत नाही. विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी आणि एक परीक्षा पुरते. एजंट अर्ज लिहितो, पेटंट कार्यालयापुढे बाजू मांडतो. कोर्टात मात्र वकीलच लागतो. खरं कसब दावा लिहिण्यात आहे. तो अरुंद लिहिला तर कुणीही थोडा बदल करून बाजूने निघून जातो, रुंद लिहिला तर जुन्या कामाला अडखळून पडतो. म्हणजे थोडं जास्त मागणं हे खोटं बोलणं नव्हे, धंद्याचा भाग आहे. न्याय करणं वकिलाचं काम नाही, हेही मला पटतं.

पण हा युक्तिवाद समोर कुणीतरी उभं आहे, या गृहीतावर चालतो. ग्लिव्हेकच्या खटल्यात तसं होतं. रक्ताच्या कर्करोगावरच्या या औषधाच्या एका नव्या स्फटिकरूपावर नोव्हार्टिसने पेटंट मागितलं होतं. आपल्याकडे पेटंट मिळण्याआधी कुणालाही विरोध नोंदवता येतो. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन विरोधात उभी राहिली. माहीत असलेल्या औषधाचं नवं रूप जास्त गुणकारी ठरलं पाहिजे, असं 2005मध्ये दुरुस्त झालेलं कलम 3(डी) सांगतं. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचं अपील फेटाळलं. कंपनीच्या वकिलांनी जोर लावून मागितलं म्हणून मी त्यांना वाईट म्हणणार नाही. दोन्ही बाजू भांडल्या, निकाल लागला.

माझ्या रांगेसाठी कोण भांडणार? तिच्यावाचून कुणाचा जीव जात नाही. अमेरिकेत मंजुरीनंतर आव्हान देता येतं, पण ते फार खर्चिक असतं. तीन जणांच्या एखाद्या कंपनीला नोटीस गेली, तर ती कोर्टात न जाता निमूटपणे आपला कोड काढून टाकेल. मागणाऱ्याचं काही जात नाही हे खरं. जातं ते तिचं.

म्हणून मला वाटतं, समोर कुणी नसेल तिथे वकिलाची जबाबदारी वाढते. अशील आणि परीक्षक यांच्यामध्ये थांबून विचारू शकेल अशी तीच व्यक्ती असते. हे लिहिताना बाईंना दोष देणं सोपं आहे. पण त्यांना मी सांगितलं तेवढंच ठाऊक होतं. कुठली युक्ती माझी आणि कुठली वर्षानुवर्षं सगळेच वापरतात, हे मला माहीत होतं. फोनवर मी एकच वाक्य बोललो आणि उत्तर मिळताच गप्प बसलो.

यंदा मी पेटंट एजंटची परीक्षा देणार आहे. उद्या कुणी नवखा इंजिनिअर मला म्हणाला, "एवढं मी केलेलं नाही," तर मी त्याला आधी विचारेन, "मग किती केलंय?"