काजव्याचा उजेड आणि उसना प्रकाश



गाळपाच्या हंगामात अंकुशनगरच्या साखर कारखान्यात रात्रभर दिवे जळतात. आपल्या घरांतही एका बटणासरशी उजेड होतो. त्यामुळे प्रकाश ही अल्लाहची देणगी आहे, याचे विस्मरण होते. मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस तोंडावर आला असताना, अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याच्या रानात एक रात्र उभे राहावे. हिरडा-बेहड्याची झाडे असंख्य काजव्यांनी लुकलुकताना दिसतात. तेथे तार नाही, तेल नाही आणि वातही नाही.

मग हा उजेड येतो कोठून? काजव्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. सूक्ष्म नलिकांतून आलेल्या प्राणवायूशी ल्युसिफरेज या विकराच्या साहाय्याने त्याचा संयोग होतो आणि प्रकाश उमटतो. आपला विजेचा दिवा हाताला चटका देतो. या प्रकाशात मात्र उष्णता अत्यल्प असते. काही जातींत मादीला पंखच नसतात. ती जमिनीवर बसून उजळते आणि नर त्या खुणेने तिच्यापर्यंत पोहोचतो.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. आपण पाहतो तो पंखांचा काजवा थोडेच दिवस जगतो. त्याआधी तो दीर्घकाळ अळीच्या रूपात ओलसर मातीत, पालापाचोळ्याखाली राहतो, गोगलगायींवर उपजीविका करतो. आणि त्या अळीलाही उजेड असतो! पाहणारा कोणी नसतानाही ती उजळत असते.

वाचकहो, आता स्वतःकडे वळू या. पवित्र कुरआनच्या सूरह अल-हदीदमध्ये अंतिम न्यायाच्या दिवसाचे एक दृश्य आहे. श्रद्धावंतांचा प्रकाश त्यांच्या पुढे व उजव्या बाजूला धावत असेल. दांभिक लोक त्यांच्याकडे थोड्या प्रकाशाची याचना करतील. पण त्यांना मागे परतून प्रकाश शोधण्यास सांगितले जाईल आणि मध्ये भिंत उभी राहील. त्या दिवशी वडिलांची नमाज मुलाला उसनी मिळणार नाही. पत्नीच्या रोज्यांवर पतीचा मार्ग उजळणार नाही. ज्याने जगात स्वतःच्या अंतःकरणात प्रकाश जोपासला, त्याच्याचजवळ तो असेल.

हा प्रकाश लोकांच्या नजरेआड जोपासला जातो. काळोखातून मस्जिदीकडे चालत जाणाऱ्यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कियामतच्या दिवशी पूर्ण प्रकाशाची शुभवार्ता दिली आहे. इशा व फज्रच्या वेळी रस्ता सुनसान असतो. पाहणारा तेथे केवळ अल्लाह असतो. त्याचप्रमाणे गुपचूप दिलेले दान, एकांतात ढाळलेले अश्रू आणि कोणी विचारणारे नसताना टाळलेली हरामाची कमाई, हे सारे मातीतल्या अळीच्या उजेडासारखे आहे. मुलांनाही पाहुण्यांसमोर सूरह म्हणून दाखवण्याआधी एकांतात खरे बोलण्याची सवय लावा.

आणखी एक गोष्ट. विजेच्या झगमगाटात काजव्यांना परस्परांच्या खुणा दिसत नाहीत. त्यांची जोडी जमत नाही आणि वंश खुंटतो. प्रेषितांनी (स.) निजण्यापूर्वी दिवे मालवण्याची शिकवण आगीच्या धोक्यामुळे दिली. उधळपट्टीलाही आपल्या धर्मात मनाई आहे. तेव्हा गरज नसलेला दिवा आज रात्री मालवा. अल्लाहच्या एका दुबळ्या जिवाला त्याचा काळोख परत मिळेल आणि आपल्यालाही क्षणभर एकांत लाभेल.

हे अल्लाह, आमच्या अंतःकरणात प्रकाश दे आणि त्या दिवशी आम्हाला कोणापुढे उजेड मागण्याची वेळ आणू नकोस. आमीन.