एका वेळी एकच प्रश्न

नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात कारखान्यांच्या शेजारी आता डेटा सेंटरं उभी आहेत. बँकांचे व्यवहार, रुग्णांच्या नोंदी, लोकांच्या खासगी गोष्टी तिथून फायबरने ये-जा करतात. त्यांच्या रक्षणाचा मोठा भाग आजही काही गणितं सोडवणं अवघड आहे, या भरवशावर चालतो. 1994 मध्ये पीटर शोर यांनी दाखवलं, की पुरेशा क्षमतेचा क्वांटम संगणक त्यांतलंच एक गणित, मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याचं, झटपट सोडवू शकेल. पण या धोक्यावरचा एक उतारा त्याच्या दहा वर्षं आधीच मांडून झाला होता, आणि तो भौतिकशास्त्राच्या जुन्या दुखण्यातून निघाला होता.

कणाचं स्थान आणि संवेग एकाच वेळी हवे तितके अचूक ठरत नाहीत, हे हायझेनबर्ग यांनी 1927 मध्ये मांडलं. काही मोजमापं एकत्र नांदतच नाहीत. कित्येक वर्षं याकडे ज्ञानाला पडलेली मर्यादा म्हणून पाहिलं गेलं. 1970च्या सुमारास स्टीफन वीस्नर या तरुणाने त्याच मर्यादेतून नक्कल न होणारी नोट कल्पिली. तो लेख छापून यायला 1983 उजाडलं.

चार्ल्स बेनेट आणि झिल ब्रासार्ड यांनी त्यातून गुप्त किल्ली वाटण्याची पद्धत रचली आणि डिसेंबर 1984 मध्ये ती बंगळूरच्या परिषदेत मांडली. आपल्याकडे हे फारसं सांगितलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं. पाठवणारा प्रत्येक फोटॉन उभ्या-आडव्या किंवा तिरप्या ध्रुवणात पाठवतो. घेणारा दोनपैकी एक मोजमाप मनाने निवडतो. एक केलं की दुसऱ्याचं उत्तर पुसलं जातं. मग दोघं फक्त आपापली निवड उघड करतात आणि न जुळलेले, साधारण निम्मे, फोटॉन सोडून देतात. मधल्या कुणी प्रत्येक फोटॉन मोजून पुढे पाठवला, तर त्याची निवड निम्म्या वेळा चुकते आणि उरलेल्या किल्लीत सुमारे 25 टक्के बिट बिघडतात. चोराला हात घालता येतो, पण खूण न ठेवता निघता येत नाही. दोन्ही मोजमापं एकत्र होऊ शकली असती, तर तो दोन्ही उत्तरं टिपून हुबेहूब फोटॉन पुढे धाडता.

1986 मध्ये पॉल बुश यांनी दाखवलं, की मोजमापं पुरेशी धूसर केली तर तीच जोडी एकत्र करता येते. मला हा टप्पा बेनेट-ब्रासार्ड यांच्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. मोजमापांचं एकत्र न नांदणं, म्हणजे त्यांची विसंगती, कमी-जास्त होते, गोंगाटाने झिजते. म्हणजे ती इंधनासारखी जपून वापरायची गोष्ट झाली.

प्रत्यक्ष वापरात मात्र अंतर आड येतं. फायबरमध्ये दहा किलोमीटरवर शंभरातले साठाहून अधिक फोटॉन पोहोचतात, शंभर किलोमीटरवर जेमतेम एक. मधे ते वाढवून घेता येत नाहीत, कारण जो नियम चोराला नक्कल करू देत नाही, तोच प्रवर्धकालाही देत नाही. ऐरोली ते महापे हे अंतर सहज झेपेल. राष्ट्रीय क्वांटम मिशनचं लक्ष्य मात्र शहरांदरम्यान 2000 किलोमीटरचं आहे, आणि नक्कल न करताच अंतर वाढवणारे क्वांटम रिपीटर हाती येईपर्यंत फायबरच्या त्या वाटेवर ठिकठिकाणी किल्ली उघडून पुन्हा बंद करणारी केंद्रं लागतील. तिथल्या माणसांवर विश्वास ठेवावाच लागेल.