सातव्या दारातून परत आलेली

1980 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचं 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' नावाचं पुस्तक आलं. त्यात झ्यूसला 400 हिट पॉइंट्स दिले होते. म्हणजे तेवढी इजा झाली की देव संपला. त्याच पुस्तकात आपले इंद्र, अग्नी, वरुणही आकड्यांसकट होते. असले खेळ खेळतो म्हटलं की लोक हमखास विचारतात, देवांशी असं खेळणं बरोबर आहे का? मला मात्र वर्षभर वेगळाच प्रश्न छळतोय. देवांचं राहू दे, टेबलाभोवती बसलेल्या माणसांचं काय?

आम्ही पाच मित्रमैत्रिणी दर शनिवारी रात्री खेळायचो. एक जण जग उभं करतो, बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र होतात. पात्र काय करणार हे खेळाडू ठरवतो, ते जमलं की नाही हे फासे ठरवतात. आमचं कॅम्पेन सुमेरच्या देवतांवर होतं. इनान्ना देवी पाताळात उतरते तेव्हा सात दारं लागतात आणि प्रत्येक दारावर तिला अंगावरचं काहीतरी काढून द्यावं लागतं, ही मूळ कथा. आमच्या खेळात तिच्यामागे तिच्या देवळातली एक लेखनिक बाई जाते. ते पात्र माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचं होतं.

सातव्या दारावर द्वारपालाने तिचं नाव मागितलं. कायमचं. मैत्रीण बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नाही. मी परत जाते." फासे टाकायची वेळच आली नाही.

मला हा शेवट फुसका वाटला. म्हणून मी त्यावर फॅनफिक लिहिलं. माझ्या गोष्टीत ती नाव देऊन टाकते आणि आत जाते. ग्रुपवर टाकल्यावर सगळ्यांनी कौतुक केलं. दोन दिवसांनी तिचा मेसेज आला, "छान लिहिलंयस. पण ती आत गेली नव्हती रे."

मी लगेच वाद घालायला बसलो. म्हटलं, इनान्नाची कथाही लोकांनी बदललीच की. सुमेरी कथेत ती बहिणीच्या नवऱ्याच्या अंत्यविधीचं निमित्त सांगून दार उघडायला लावते. नंतरच्या अक्कदी कथेतली इश्तार थेट दार फोडायची धमकी देते. कोणी कोणाची परवानगी घेतली होती?

मग उदाहरण दिलं 1984 च्या 'ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट'चं. विसरल्या गेलेल्या प्राचीन देवांचा पुन्हा शोध लागण्याची ही कादंबरी मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांनी लिहिली, आणि तिच्यामागे असाच खेळ होता. त्यातला रेस्टलिन हा जादूगार कुजबुजल्यासारखा, घोगरा बोलतो. तो आवाज टेरी फिलिप्स या खेळाडूने खेळताना काढला होता. मुखपृष्ठावर नावं मात्र दोनच. हे उदाहरण मी माझ्या बाजूने दिलं होतं. टाइप करता करता लक्षात आलं की ते तिच्या बाजूचं आहे.

शेवटचा मुद्दा धंद्यातला होता. आम्ही ओपन सोर्स कोड रोज फोर्क करतो, आपल्याला हवा तसा बदलतो. पण तिथे लिहिणाऱ्याने आधीच लायसन्स लावून सांगितलेलं असतं, की घ्या आणि बदला. शनिवारी रात्री आमच्यापैकी कोणीही असं काही सांगितलं नव्हतं.

तिला शेवटी फोनच केला. ती म्हणाली, "त्या वर्षी मी घरी, ऑफिसात, सगळ्यांना हो म्हणत होते. 'बास' एकदाच म्हणाले, ते त्या टेबलावर. तेही तू खोडलंस."

छापलेली गोष्ट लेखकाने वाचकांच्या हाती दिलेली असते. तिचा शेवट मी बदलला तरी मूळ शेवट पुस्तकात शाबूत राहतो. आमच्या खेळाचं पुस्तक नाही. तिचा नकार फक्त पाच जणांच्या आठवणीत होता, आणि माझी गोष्ट ग्रुपवर इतकी फिरली की बाकीच्यांनाही आता तीच आठवते. सुमेरच्या देवांचं मी काहीच बिघडवलं नाही. त्यांच्या कथा मातीच्या पाट्यांवर जवळपास पावणेचार हजार वर्षं टिकल्या आहेत. तिच्या नकाराला असली पाटी नव्हती. कल्पना लढवायला मी मोकळा होतो, पण दुसऱ्याने घेतलेला निर्णय फिरवण्याआधी त्याला विचारायला हवं होतं. एक मेसेज पुरला असता.

गोष्ट काढून टाकू का, असं विचारलं. ती म्हणाली, "राहू दे. फक्त तिचं नाव काढ त्यातून."

मी काढलं. आता त्या गोष्टीत एक निनावी बाई सातव्या दारातून आत जाते. गोष्ट थोडी कमजोर झाली आहे. तशीच ठेवली आहे.