जुन्या गाडीला नवी पायरी



घरात वडिलांची जुनी पिकअप गाडी आहे. तिच्या दाराखाली लोखंडी पायरी बसवून घ्यावी, की गाडी कंपनीतून आली तशीच राहू द्यावी? असा प्रश्न आपल्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने आम्हांला विचारला. गॅरेजमध्ये विचारायची गोष्ट फादरांना कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु त्या घरात या पायरीवरून नवराबायकोत अबोला आहे आणि घरातील आजी दोन महिने रविवारच्या मिस्साला आलेल्या नाहीत. तेव्हा यात लक्ष घालणे आम्हांला भाग होते. कुटुंबाच्या परवानगीने, नावगाव न देता, लिहीत आहोत.

गाडी आहे टाटामोबाईल २०६. आजच्या तरुणांना हे नाव ठाऊक नसेल. १९८८ साली टेल्को कंपनीने ही पिकअप बाजारात आणली. पुढे सिएरा आणि इस्टेट या मोटारी हिच्याच पायावर उभ्या राहिल्या आणि २००३ साली कंपनीचे नाव टाटा मोटर्स झाले. आता ही गाडी रस्त्यावर क्वचितच दिसते. म्हणून हौशी माणसे ती शोधत येतात आणि ज्या गाडीत काहीही बदललेले नाही तिला चांगली किंमत देऊ करतात. मुलाचे म्हणणे असे की एकदा पत्र्याला भोके पाडली की ती मूळ गाडी राहत नाही. पण केवळ किमतीसाठी तो अडून बसला आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. याच गाडीतून त्याच्या वडिलांनी वर्षानुवर्षे डाळिंबे सोलापूरच्या बाजारात आणली. स्टिअरिंगवर त्यांच्या हाताने झिजलेली जागा अजून दिसते. वडील गेल्यावर जे उरले ते जसेच्या तसे राहावे, ही इच्छा हलकी नाही.

आता या "मूळ"चा थोडा विचार करू. थिसियस नावाच्या ग्रीक वीराचे जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले होते. फळी कुजली की ते नवी बसवत. होता होता प्रश्न पडला की सगळ्याच फळ्या बदलल्यावर ते जहाज थिसियसचेच म्हणायचे का? तत्त्वज्ञानाच्या वर्गात यावर तासन्‌तास वाद चालतो. आपल्याकडील शेतकऱ्याने मात्र हा वाद केव्हाच मिटवला आहे. बैलगाडीचे चाक बदलले, जू बदलले, साटा बदलला, तरी तो तिला आजोबांची गाडीच म्हणतो, कारण ती आजोबांचे काम करते. अरिस्टॉटललाही हे पटले असते. वस्तू काय आहे हे ती कशासाठी आहे याचा विचार केल्याशिवाय पुरते कळत नाही, असे त्याचे सांगणे होते. त्या २०६ चे टायर, बॅटरी, क्लचप्लेट सारे कितीदा बदलले आहे, तेव्हा कोणी हळहळले नाही. पायरीच तेवढी परकी का वाटावी?

खरे तर गाडीला पायरी ही नवी गोष्ट नाहीच. टांग्याला मागे लोखंडी पायरी असे. जुन्या मोटारींना दोन्ही बाजूंनी लांब फूटबोर्ड असत. पुढे मोटारींची अंगे रुंद झाली आणि तो फूटबोर्ड नाहीसा झाला. पायरी बसवणे म्हणजे गाडीला तिच्या पूर्वजांची एक गोष्ट परत देणे होय, असे आम्ही त्या मुलाला म्हटले. तो हसला, पण पटले नाही.

खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. आम्ही पवित्र ख्रिस्तशरीर घेऊन त्या घरी गेलो, तेव्हा आजींनाच विचारले. त्या म्हणाल्या, "फादर, त्यांच्या गाडीला भोक पाडू नका. मी घरीच माळ जपते." गाडी त्यांच्या नवऱ्याची आहे, हे आम्ही सगळेच विसरलो होतो. मग न येण्याचे कारण विचारले, तर म्हणाल्या, "नातू काखेत हात घालून पोत्यावानी वर चढवतोय. पोरगं गुणाचं हाय, पण चर्चच्या दारात सगळी बघत्यात."

बंधुभगिनींनो, या ठिकाणी घाईने निर्णय देऊ नये. म्हातारे माणूस "नको" म्हणते तेव्हा त्या नकारात नेमके काय असते? कधी ती खरीच इच्छा असते, आणि तिचा मान राखलाच पाहिजे. पण पुष्कळदा तो नकार म्हणजे आपला भार कोणावर पडू नये ही धडपड असते. आयुष्यभर दुसऱ्यांना वाढून मग उरलेले खाल्लेल्या बाईला "तुमच्यासाठी करू का?" असे विचारले, तर तिच्याकडून दुसरे उत्तर येणारच नाही. आमच्या मते इथे प्रश्नच चुकीचा विचारला जातो. पायरी आजींसाठी बसवली तर तो उपकार होतो, आणि उपकाराखाली आजी अधिकच वाकतात. पण त्या गाडीत बसताना सुनेलाही साडी सावरत कसरत करावी लागते. धाकटी नात सीटला लोंबकळून चढते. मुलगा स्वतः आता पन्नाशीकडे आला आहे. पायरी घरातल्या सगळ्यांची असली तर तिच्यावर पाय ठेवताना कोणी कोणाचे ऋणी होत नाही. आणि आजी स्वतःच्या पायांनी चढतील. उचलून घेणे हीही सेवा आहेच, पण ज्याला आधाराने स्वतः चढता येते त्याला उचलणे म्हणजे त्याच्याकडून काहीतरी काढून घेणे होय.

संत मार्कच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी पक्षाघाती माणसाची हकिगत आहे. गर्दीमुळे दारातून जाता येईना, तेव्हा चौघांनी छप्पर उकलले आणि त्याला बाजेसकट खाली सोडले. छप्पर त्यांचे नव्हते. घरमालकाला काय वाटले, छप्पर नंतर कोणी शाकारले, याबद्दल मार्क अवाक्षरही लिहीत नाही. प्रभू येशूनेही छपराचा विषय काढला नाही. त्याने त्यांचा विश्वास पाहिला. त्याच अध्यायाच्या शेवटी शब्बाथाविषयी प्रभूने परुश्यांना दिलेले उत्तर आपणां सर्वांना पाठ आहे. शब्बाथासारख्या पवित्र गोष्टीला जो न्याय, तो पत्र्याला लागू होणार नाही काय?

इतके सारे आम्ही त्या अंगणात बोलत असताना मुलाने बोलावलेला मिस्त्री गाडीखाली शिरला होता. बाहेर येऊन म्हणाला, पत्र्याला हात लावायची गरज नाही. पायरीचा भार पत्र्यावर द्यायचाच नसतो, तो चासीवर द्यायचा असतो. आणि चासीला कंपनीनेच पाडलेली भोके आहेत, त्यांत ब्रॅकेट बसेल. नको असेल त्या दिवशी चार नट काढले की गाडी पूर्वीसारखी. चासीला वेल्डिंग मात्र करू देऊ नका, तापल्याने लोखंडाचा कस जातो, असेही त्याने बजावले. तत्त्वज्ञानाची पदवी असलेल्या माणसाने अशा वेळी गप्प राहून ऐकावे हे उत्तम.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हांला फार मोलाची वाटते. बाजारात चकचकीत नळीच्या पायऱ्या मिळतात, त्यांतल्या कित्येक केवळ शोभेच्या असतात. दिसायला पायरी, पण माणसाचा पूर्ण भार पडला की वाकते. ओल्या चपलेने तर त्या नळीवरून पाय सटकतोच. अशा पायरीपेक्षा पायरी नसलेली बरी, कारण नसलेल्या पायरीवर कोणी विसंबत नाही. त्या गाडीच्या केबिनची उंची मोजली तर अठ्ठावीस इंच भरली. घराच्या जिन्याची पायरी सहा-सात इंचांची असते. म्हणजे मधोमध पायरी बसवली तरी आजींना चौदा-चौदा इंचांच्या दोन ढांगा टाकाव्या लागतील. म्हणून मिस्त्रीच्या मते दोन टप्प्यांची पायरी हवी, वर खरबरीत चेकर प्लेट हवी, आणि दाराच्या खांबाला हाताने धरायला मूठ हवी. म्हातारे माणूस पायाने कमी आणि हाताने जास्त चढते, हे त्याचे वाक्य आम्ही वहीत लिहून घेतले आहे.

कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हे पुन्हा बजावले. दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी बदल करण्याची सोय अटींसह आहे. तेव्हा पायरी गाडीच्या अंगाबाहेर येऊ देऊ नये आणि आधी आरटीओत विचारून घ्यावे. त्याच कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे फूटबोर्डवर माणूस उभा करून गाडी चालवणे गुन्हा आहे. वरातीत आणि मिरवणुकीत आपली मुले काय करतात, ते आईबापांना ठाऊक आहे! संत ऑगस्टीनने ख्रिस्ती शिकवणुकीवरील आपल्या ग्रंथात मायदेशी निघालेल्या प्रवाशांचा दाखला दिला आहे. गाडीचा डौल आणि वाटेची मौज यांतच ते रमतात आणि घरी पोहोचायचे विसरतात. पायरीवरच लोंबकळत राहणाऱ्याची गत याहून वेगळी नाही, आणि गाडी जपता जपता आईला घरी ठेवणाऱ्याचीही नाही.

हे लिहीपर्यंत मुलाने होकार दिलेला नाही, पण मिस्त्रीला मापे मात्र घेऊ दिली आहेत. अबोला संपला असे सूनबाई सांगतात.

आता आपल्या चर्चच्या दाराकडे वळू. तिथे तीन पायऱ्या आहेत, एकूण उंची अठरा इंच. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करताना एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरतात, म्हणजे आपल्याला अठरा फूट हवेत. डाव्या बाजूला तेवढी जागा आहे, पण तिथली जुनी फरसबंदी उखडावी लागेल, आणि ती अनेकांच्या जिव्हाळ्याची आहे. पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर यावर बैठक ठेवली आहे. ती आत न घेता खाली आवारात, कडुलिंबाखाली घेऊ, म्हणजे ज्यांना चढता येत नाही त्यांनाही बोलता येईल.