डक्टची उंची कोण ठरवतं?

नाट्यगृहातला एसी घोंघावू लागला की पहिला संशय पंख्यावर जातो. पण पंख्याचा आवाज बराचसा वाटेत जिरवता येतो. डक्टला आतून अस्तर लावतात, सायलेन्सर बसवतात. खरी अडचण वाऱ्याच्या स्वतःच्या आवाजाची. काटकोनी वळणावर, अर्धवट मिटलेल्या डॅम्परवर, ग्रिलच्या पट्ट्यांवर हवा आपटते, भोवरे सुटतात आणि तिथेच नवा आवाज तयार होतो. सायलेन्सर तोवर मागेच राहिलेला असतो.

हा आवाज इमारत उभी राहण्याआधी वर्तवता येतो. जेम्स लाइटहिल यांनी 1952 मध्ये जेटच्या संदर्भात त्याचं मूळ गणित मांडलं. 1955 मध्ये कर्ल यांनी वाऱ्यातल्या घन अडथळ्याचा विचार केला: अशा ठिकाणी आवाजाची शक्ती वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. 1981 मध्ये नेल्सन आणि मॉर्फी यांनी हे डक्टला लावलं. अडथळ्यापाशी हवेचा दाब किती पडतो, त्यावरून आवाजाचा अंदाज बांधायचा, ही त्यांची युक्ती मला फार मोलाची वाटते. वीजबिल वाढवणारं वळण आणि कानाला छळणारं वळण बहुधा एकच असतं, हे तिच्यामुळे कागदावर दिसतं. (डक्टच्या मानाने फार खालच्या सुरांना मात्र चौथा घात लागू पडतो.)

आता साइटवर काय होतं पाहा. नकाशात डक्टची उंची 450 मिलिमीटर. मध्ये बीम येतो, किंवा फॉल्स सिलिंग जरा वर घ्यायचं ठरतं, आणि डक्ट 300 वर येतो. रुंदी तीच, हवाही तेवढीच लागणार. म्हणजे वेग दीडपट. सहाव्या घाताने हिशेब केला तर त्याच वळणाचा आवाज सुमारे साडेदहा डेसिबलने चढतो, कानाला जवळजवळ दुप्पट वाटतो. नटाचं कुजबुजतं वाक्य, तंबोऱ्याची विरत जाणारी आस त्यात बुडते. शाळेतल्या एसीचं असंच झालं तर वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला बाईंचे शब्द अर्धेच पोचतात, आणि लक्ष नाही म्हणून बोलणी त्यालाच बसतात.

असं झालं की भाकीत चुकलं म्हणतात. मला ते पटत नाही. भाकीत 450 च्या डक्टचं होतं. आपल्याकडे हा हिशेब बहुतेकदा जागा वाटून झाल्यावर, उरलेल्या फटीत काय बसेल ते पाहून केला जातो. तो स्लॅब आणि बीमची उंची ठरतानाच व्हायला हवा. नकाशावर डक्टच्या मापाशेजारी हवेचा वेगही लिहावा, आणि माप कमी करणाऱ्याने नव्या वेगाचे डेसिबल मांडून मगच सही करावी.